नातजावयाच्या दगडावरचा भाला

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर काही धड सांगता आलं नाही, आई तुझी भाजी गॅसवर होती आणि बाबांना माझा आवाज तुटक येत होता, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. बाबा, डोळ्यात ड्रॉप्स टाकल्यावर लगेच मोबाईल हातात घेऊ नका, आईला वाचून दाखवायला सांगा.

शनिवारी मी स्ट्रॅटफर्डला गेले होते, शेक्सपिअरच्या गावी. एव्हन नदीच्या काठावर होली ट्रिनिटी नावाचं जुनं चर्च आहे, तिथे आत अगदी वेदीसमोर त्याला पुरलंय. लोक येतात, त्याच्या दगडाचा फोटो काढतात आणि जातात. त्या दगडावर त्याचं नावसुद्धा नाहीये, फक्त चार ओळी, की माझी हाडं हलवाल तर शाप लागेल. पण डावीकडच्या भिंतीवर त्याचा अर्धपुतळा आहे, हातात लेखणी घेतलेला, आणि त्याच्या डोक्यावर एक ढाल कोरलीय. ढालीवर तिरका पट्टा आणि त्या पट्ट्यात एक भाला. मी नुसती बघत उभी होते तर तिथल्या सेवेकरी आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या नाव मोठ्याने म्हणून बघ. शेक, स्पिअर. स्पिअर म्हणजे भाला! आडनावावरूनच चिन्ह केलेलं. मग मी त्यांना सोडलंच नाही, पाऊण तास त्यांच्या मागे मागे फिरले.

ह्याला म्हणतात कोट ऑफ आर्म्स, घराण्याची ढाल. पूर्वी सरदार लोकांची तोंडं लढाईत शिरस्त्राणाखाली झाकलेली असायची त्यामुळे ढालीवरच्या खुणेवरून माणूस ओळखायचे, आणि मग ती खूण वंशात चालत राहिली, लढाया संपल्या तरी. दोन घराण्यांची खूण सारखी होऊ नये म्हणून लंडनला कॉलेज ऑफ आर्म्स नावाची कचेरी आहे, ढाली मंजूर करणारी, १४८४ पासून, अजून चालू आहे. शेक्सपिअरच्या वडिलांचा धंदा हातमोजे शिवायचा, त्यांनी फार आधी ही ढाल मागून बघितली होती पण मधे दिवस फिरले, कर्ज झालं, राहून गेलं. शेवटी ऑक्टोबर १५९६ मध्ये मिळाली, तेव्हा मुलगा लंडनमध्ये नाव कमवत होता. आणि बाबा, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या मुलाचा एकुलता एक मुलगा, हॅम्नेट, गेला होता. ११ वर्षांचा. म्हणजे पिढ्यान् पिढ्या चालावी म्हणून मागितलेली ढाल हातात आली तेव्हा ती पुढे न्यायला नातू नव्हता, जेमतेम दोन महिने झाले होते. मला हे ऐकून तिथेच बाकावर बसावंसं वाटलं.

राहिल्या दोन मुली, सुझॅना आणि ज्युडिथ. आता पुढचं नीट वाचा, कारण हे सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.

वेदीसमोर एका ओळीत पाच दगड आहेत. बायको ॲन, मग तो, मग टॉमस नॅश, मग जॉन हॉल, मग सुझॅना. जॉन हॉल हा सुझॅनाचा नवरा, गावातला डॉक्टर. त्याच्या दगडावरची ढाल मधून उभी दोन भागांत केलीय, एका बाजूला हॉलची शिकारी कुत्र्यांची तीन डोकी, दुसऱ्या बाजूला शेक्सपिअरचा भाला. ढाल हातात धरणाऱ्याच्या उजवीकडे नवऱ्याचं घराणं, डावीकडे बायकोचं. बघणाऱ्याला ते उलटं दिसतं म्हणून आधी माझा गोंधळ झाला. मग आठवलं की आपल्याकडेही रखुमाई विठोबाच्या डाव्या अंगालाच असते ना आई, तसंच हे, आणि एकदम डोक्यात बसलं.

सुझॅनाच्या दगडावर तीच दोन चिन्हं आहेत पण ढालीत नाहीत, शंकरपाळ्याच्या आकारात. बायका लढाईला जात नाहीत म्हणून त्यांना ढाल नाही, असा नियम. हे मला अजिबात पटलं नाही आणि मी तसं त्या आजींना सांगितलंही. ती हुशार होती आणि त्यात बापाचं काहीतरी उतरलं होतं असं तिच्या दगडावर लिहिलंय. मधे अठराव्या शतकात कुणा दुसऱ्यासाठी तिचा मजकूर खोडून टाकला होता, एकोणिसाव्या शतकात परत कोरला.

आणि मग टॉमस नॅशचा दगड. हा कोण, तर सुझॅनाची एकुलती एक मुलगी एलिझाबेथ, तिचा नवरा. म्हणजे शेक्सपिअरचा नातजावई. त्याच्या ढालीत बायकोच्या बाजूला चार घरं पाडलीत, दोन घरांत हॉलची कुत्री आणि दोन घरांत भाला. भाला, बाबा! तोही नातजावयाच्या दगडावर! कारण इंग्लंडमधला नियम असा की ज्या मुलीला भाऊ नाही किंवा उरला नाही ती वडिलांच्या ढालीची वारस होते, आणि तिची मुलं वडिलांच्या ढालीत आईकडची ढालही मिसळून घेतात. शिवाय मुलगे असले तर प्रत्येकाला वेगळी खूण लागते, थोरल्याला एक, दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला चांदणी, चौथ्याला पाय नसलेला पक्षी, असं उतरत्या क्रमाने. मुलींना अशी कुठलीच खूण नाही. थोरली असो धाकटी असो, सगळ्या सारख्या वारस. मी हे लगेच ताईला मेसेज केलं, तिने नुसते रडायचे तीन इमोजी पाठवले.

मला आपल्या दारावरची पितळी पाटी आठवली. तुम्ही दोघांच्या नावाखाली आमची दोघींची नावं कोरून घेतली होती आणि वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं होतं की मुली परक्याचं धन, पाटीवर कशाला, उद्या बदलावी लागेल. मी आठ वर्षांची होते, जिन्यात बसून ऐकत होते. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला आठवत नाही, पण पाटी अजून तीच आहे.

एलिझाबेथला मूल झालं नाही. ज्युडिथची तिन्ही मुलं आधीच गेली होती. १६७० मध्ये एलिझाबेथ गेली आणि तो वंश तिथे संपला. पण दगड आहेत, भाला आहे.

येताना वाटेत एका खेड्यातलं चर्च पाहिलं, तिथे भिंतीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या मोठ्या रंगवलेल्या फळ्या टांगल्या होत्या. घरातलं माणूस गेलं की अशी फळी दारावर लावायचे आणि काही महिन्यांनी चर्चमध्ये नेऊन ठेवायचे. ढालीमागचा जो अर्धा भाग काळा ते माणूस गेलं, जो पांढरा ते मागे राहिलं. हे तुम्हाला लिहू की नको असं झालं, पण लिहितेय, कारण मी त्या अर्ध्या पांढऱ्या भागाकडेच बघत बसले होते बराच वेळ आणि तुमची खूप आठवण आली.

आता एक काम आहे. लहानपणी रविवारी वसईच्या किल्ल्यात आपण जायचो, फ्रान्सिस्कन लोकांच्या त्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत दगड बसवलेत ना, ज्यांच्यावर मी आणि ताई लंगडी खेळायचो? त्या पोर्तुगीज लोकांच्या कबरी आहेत, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला त्याच्याही आधीच्या, आणि काहींवर अशाच ढाली कोरलेल्या आहेत. तेव्हा आपल्याला ती नुसती नक्षी वाटायची. पाऊस संपून गवत वाळलं की एकदा जाऊन या. उन्हं तिरकी असताना जा, सकाळी लवकर नाहीतर पाचनंतर, तेव्हा कोरीव रेषांची सावली पडते आणि सगळं स्पष्ट दिसतं, भर दुपारी काही कळत नाही. दगड घासू नका, पाणी ओतू नका. मोबाईलचा टॉर्च बाजूने, जमिनीलगत धरा आणि आईला फोटो काढू दे, तिचा हात स्थिर आहे. ढाल उभी दोन भागांत असेल तर डावी-उजवी कुठली ते विसरू नका, धरणाऱ्याच्या बाजूने मोजायचं. आणि बाबा, तिथे जमीन फार खालीवर आहे, काठी न्याच, आईचा हात सोडू नका.

फोटो आले की मी व्हिडिओ कॉल करते, मग एकेक दगड बसून लावू.

तुमची,
धाकटी