लेफ्ट टर्न फ्री केलात साहेब, पण पायी माणसाने जायचं कुठून?

मा. नगरीय विकास मंत्री, मध्य प्रदेश शासन, यांना खुलं पत्र

साहेब, नमस्कार.

तुम्ही इंदूरचेच, त्यामुळे आपल्याकडचा चौराहा म्हणजे काय प्रकार आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी अन्नपूर्णा रोडच्या बाजूला राहते. उषा नगर, वैशाली नगर, सुदामा नगर या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत आणि हल्ली हळदीकुंकवाला जा नाहीतर भिशीला, गप्पा फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, कोणाला कुठे गाडीने उडवलं.

आमच्या गल्लीतल्या एक काकू, सत्तरी ओलांडलेल्या, संध्याकाळी दूध आणायला निघाल्या आणि चौराह्याच्या डाव्या वळणावर बाइकने उडवलं. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. आता तुम्ही म्हणाल पोरगा बेफाम असेल, तर तसं काही नव्हतं. हेल्मेट होतं, दारू नव्हती, पळूनही गेला नाही, त्यानेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि त्याची आई अजून फोन करून विचारते काकू कशा आहेत म्हणून. मग चूक कोणाची? पोलिसांच्या कागदावर त्याची. मी म्हणते त्या कोपऱ्याची.

जरा नीट सांगते. आधी तो कोपरा काटकोनात होता, वळायचं तर गाडीला ब्रेक मारावाच लागायचा. मग लेफ्ट टर्न रुंद करायचं काम निघालं, फुटपाथ उखडला, कोपरा मस्त गोल कापला, आणि आता सरळ जाणाऱ्या स्पीडनेच गाड्या वळतात, सिग्नल लाल असो की हिरवा, कारण लेफ्ट फ्री. म्हणजे पायी माणसाला थांबलेला ट्रॅफिक मिळतच नाही, एक बाजू थांबली की दुसऱ्या बाजूचे लोक वळून त्याच्या अंगावर येतात, आणि पायी जाणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल तर नाहीच. झेब्रा क्रॉसिंग आहे हं! पांढरे पट्टे ओढलेत आणि ते सरळ जाऊन डिव्हायडरच्या रेलिंगला धडकतात, रेलिंगला फटच नाही. पट्ट्यांवरून जाणारा माणूस मधोमध उभा राहतो आणि मग रेलिंगच्या कडेकडेने, गाड्यांकडे पाठ करून, पुढच्या कटपर्यंत चालत जातो. बायका साडी सावरत रेलिंगखालून वाकून जातात. आम्ही तक्रार केली तर थोड्या दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला, फोटोसकट. फोटोत काय, तर तेच पट्टे, नवीन रंग मारलेले.

सरकारी आकडेच बघा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातले ३२,८२५ पायी चालणारे. एकूण बळींमध्ये आपल्या एकट्या मध्य प्रदेशातले १३,४२७. आणि स्पीडचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी स्पीड १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. आपण कोपरा कापून स्पीड किती वाढवला ते कोणी मोजलंय का?

इंदूरमध्ये काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, उलट फार होतं, फक्त दरवेळी चालवणाऱ्याला पकडून होतं. १५ सप्टेंबर २०२५ ला एअरपोर्ट रोडवर नो एन्ट्रीत घुसलेला ट्रक कालानी नगरकडून बडा गणपतीपर्यंत लोकांना चिरडत गेला, शहर हादरलं, काही पोलीस सस्पेंड झाले. रस्त्याकडे कोणी बघितलं? ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा हुकूम निघाला, चांगलाच हुकूम, पण पंपावर शेजारच्याचं हेल्मेट उसनं घेऊन पेट्रोल भरणारे आपणच. हायकोर्ट चौराह्यावरचा मूनवॉक करणारा ट्रॅफिक हवालदार तर देशभर गाजला, मलाही आवडायचा, पण शहरातल्या प्रत्येक चौराह्यावर नाचायला माणूस कुठून आणणार? एबी रोडवर बससाठी वेगळी लेन असलेला बीआरटीएस २०१३ ला आणला, २०२५ मध्ये हायकोर्टाने काढायची परवानगी दिली, या सगळ्या भांडणात गाड्यांना किती जागा मिळणार यावर तासन्‌तास चर्चा झाली, एबी रोड पायी ओलांडणाऱ्याचं नाव कोणी काढलं नाही.

कचऱ्याचं आपण असं केलं नव्हतं ना साहेब. लोक घाणेरडे आहेत म्हणून नुसते दंड लावत बसलो असतो तर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला नसता. दारात गाडी आणली, रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलल्या, व्यवस्थाच अशी केली की कचरा बाहेर टाकणं अवघड झालं. रस्त्याचंही तेच करायचंय, जोरात वळणं अवघड करायचं.

आणि कायदा तुमच्याच हातात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर संबंधित अधिकारी, ठेकेदार, कन्सल्टंट यांना १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटचं चलान घरपोच येतं, हे चलान कोणाच्या घरी गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. इंडियन रोड्स काँग्रेसचं म्हणणं फुटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्याकडे फुटपाथ आहे तिथे त्यावर ट्रान्सफॉर्मर, त्याला टेकून पोह्यांचा ठेला, आणि ठेल्याचं गिऱ्हाईक रस्त्यावर. ठेलेवाल्याला हाकला असं मी मुळीच म्हणत नाही, त्याच्यामुळे रात्री तिथे उजेड तरी असतो, ट्रान्सफॉर्मर हलवा.

स्पीड ब्रेकरचंही माप ठरलेलं आहे, १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. आमच्याकडचे ब्रेकर म्हणजे डांबराचा ढिगारा, कंबरेचे टाके ढिले होतील असे, आणि बसवलेत कुठे तर वजनदार लोकांच्या घरासमोर. चौराह्याच्या तोंडाशी एक नाही.

तर मागणं एवढंच आहे की नवीन लेफ्ट टर्न कापणं थांबवा, जे कापलेत तिथे झेब्रा फुटपाथच्या उंचीवर उचलून घ्या म्हणजे गाडीला हळू व्हावंच लागेल, डिव्हायडरला झेब्राच्या समोर फट ठेवा, आणि सिग्नलमध्ये पायी लोकांना काही सेकंद द्या ज्यात चारही बाजू बंद, लेफ्टसुद्धा. गाडीवाले बोंबलतील. मीही स्कूटर चालवते, मीही थोडी बोंबलेन, चालायचं.

आमच्या पुढच्या चौराह्यावर परवा कंपाउंडच्या भिंतीवर लाल निशाण लागलेत, म्हणजे तिथलाही कोपरा जाणार. काम सुरू व्हायच्या आधी त्याचं ड्रॉइंग वॉर्ड ऑफिसच्या बाहेर लावायला सांगा, पायी माणूस कुठून जाणार ते त्यात दाखवलेलं असू दे. आमच्या कॉलनीत पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले दोन-तीन काका आहेत, ते फुकटात तपासून देतील, वर चुका काढतील तो भाग वेगळा.

आपली,
अन्नपूर्णा रोडवरची एक रहिवासी, इंदूर