मासा किती आणि चुरा किती?

संपादक महोदय,

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद राहते आणि गोवा, कारवार, मालवणहून घाट चढून बेळगावात येणारी ताजी मासळी आटते. अशा वेळी ब्रेडचा चुरा लावलेल्या फिश फिंगरची गोठवलेली पाकिटं घरोघरी येतात, मुलांच्या डब्यातही जातात. ‘निदान पोटात मासा तरी गेला’ हे आईचं समाधान मात्र निम्मंच खरं असतं.

दोष गोठवण्याचा नाही, हे आधी सांगायला हवं. उणे १८ अंशांवर नीट ठेवलेल्या माशातली प्रथिनं, आयोडीन, बी-१२ जवळपास जसंच्या तसं राहतं. दोन दिवस बर्फात लोळलेल्या ‘ताज्या’ मासळीपेक्षा तो कित्येकदा बराच. फरक पडतो तो वरच्या कवचाने. कारखान्यात तुकड्याला आधी कोरडं पीठ, मग पातळ पीठ, मग चुरा लावतात आणि चुरा धरून राहावा म्हणून तेलातून काही सेकंद काढतात. म्हणजे तेल आपल्या कढईआधीच आत गेलेलं असतं. आपण रवा-तांदळाच्या पिठात घोळवलेल्या बांगड्याला जेमतेम एक थर बसतो. फिश फिंगरमध्ये मासा पुष्कळदा पन्नास-साठ टक्केच भरतो, बाकी मैदा, स्टार्च आणि तेल.

हिशेब करून पाहा. माशाचं प्रमाण ५५ टक्के असेल तर २५० ग्रॅमच्या पाकिटात मासा साधारण १३७ ग्रॅम. शंभर ग्रॅम फिश फिंगरमधून सर्वसाधारणपणे २०० ते २५० कॅलरी, ११-१३ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅमच्या आसपास चरबी आणि २० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. तेवढ्याच नुसत्या बासा या पांढऱ्या माशात कॅलरी शंभराच्या आत आणि प्रथिनं सुमारे १५ ग्रॅम. बांगड्यात ती १९-२० ग्रॅमपर्यंत जातात. शिवाय ओमेगा-३ या उपयुक्त चरबीसाठी मासा खायचा तर बासासारख्या पांढऱ्या माशात ते फार थोडं. ते बांगडा-तारलीत. आणि स्वस्त मासा म्हणून तारलीला नाक मुरडणारे आपणच!

मिठाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. पाकिटावर ‘सोडियम ४५० मिलिग्रॅम’ असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. शंभर ग्रॅममागे सुमारे १.१ ग्रॅम मीठ झालं, वरचं केचप वेगळं. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम आहे, मुलांची त्याहून कमी.

पाकीट घेताना घटकांची यादी वाचा. वजनाने जास्त ते आधी लिहिण्याचा नियम आहे, त्यामुळे मासा पहिला हवा, आणि त्याच्यापुढे टक्केवारी. ‘मिन्स्ड’ लिहिलं असेल तर आत अखंड तुकडा नाही, खिमा आहे. पोषणाचे आकडेही बहुधा विकत घेतलेल्या स्थितीतले असतात, तळल्यानंतरचे नव्हेत.

मग पाकीट हलवून बघा. तुकडे सुटे खुळखुळले पाहिजेत. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचा जाड भुगा दिसत असेल, तर वीज गेल्यावर माल वितळून पुन्हा गोठला असण्याचा संभव आहे. घेऊ नका. खानापूर-निपाणीकडे न्यायचं असेल तर सर्वांत शेवटी घ्या आणि वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळा.

करताना हमखास होणारी चूक म्हणजे आधी बाहेर काढून ठेवणं. बर्फाचं पाणी सुटतं, कवच भिजतं, कढईत गळून पडतं आणि उरलेलं कवच तेल पितं. गोठलेलेच तुकडे सोडा, एका वेळी चार-पाच. जास्त टाकले की तेल थंडावतं. चुऱ्याचा कण टाकताच वर आला की तेल तापलं. पण आच फार मोठी नको, कारण वरचा रंग कारखान्यातलाच असतो, तो बघून शिजलं असं समजू नये. एक तुकडा मोडून पाहा: आतला मासा पांढरा, अपारदर्शक, पापुद्रे सुटणारा आणि मधोमध कडकडीत गरम हवा. खरं तर तळायची गरजही नाही. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा उलटून. नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात, मंद आचेवर. आत तेल आहेच.

सोबत बटाट्याचे काप देऊ नयेत, पिठावर पीठच होतं. काकडीची कोशिंबीर आणि लिंबू पुरे. आठवड्यातून एकदा खायला हरकत नाही, पण बंदीच्या काळात माशाची भरपाई म्हणून उसळ, अंडी किंवा भिजवून खारटपणा काढलेली सुकी मासळी अधिक उपयोगी.

एक विनंती दुकानदारांना. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत असते, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. फ्रीझरच्या काचेवर माशाची टक्केवारी आणि वापराची शेवटची तारीख मराठी-कन्नडमध्ये ठळक लिहून लावावी. खडूनेही चालेल.

– दोन आहारतज्ज्ञ, टिळकवाडी, बेळगाव