पीटीच्या सरांना, जरा उशिराच

सर नमस्कार,

तुम्ही मोबाईल जास्त बघत नाही ठाऊक आहे, पण कोणतरी वाचून दाखवेलच म्हणून इथंच लिहितोय.

खरं तर 2017 च्या ऑक्टोबरलाच लिहायला बसलो होतो. फुटबॉलचा अंडर 17 वर्ल्डकप आपल्या देशात, टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पेठेत नुसता कल्ला चाललेला, आणि पेपरात रोज पोरांच्या घरच्या बातम्या. अनिकेतचे वडील रिक्षा चालवायचे, कॅप्टन अमरजितची आई मासे विकायची, संजीव स्टॅलिनची आई बंगळूरला फुटपाथवर कपडे, सिक्कीमच्या कोमल थाटलचे आईवडील टेलर. 9 तारखेला जॅक्सन सिंगनं कोलंबियाला हेडरनं गोल घातला, असल्या स्पर्धेतला भारताचा पहिलाच गोल, तर त्याची आई इम्फाळच्या मार्केटात भाजी विकते ही बातमी गोलपेक्षा मोठी झाली. वाचून भरून यायचं, पण खरं सांगतो थोडा रागपण यायचा, की पोरगं निळी जर्सी घालेपर्यंत घरात कोण काय करतंय हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. तुम्ही आम्हाला आठवीतच विचारलं होतं, आणि आमच्यातलं तर कोण इंडिया सोडा, राज्याच्या टीमातनं संतोष ट्रॉफीपर्यंतपण गेलं नाही.

तुमची हजेरीची वही मी एकदा चोरून बघितलीय सर. मागच्या पानांवर कोण किती जोरात पळतो वगैरे असेल असं वाटलं होतं, तर तिथं पेन्सिलनं लिहिलेलं, "वडील हमाल, गूळ मार्केट", "आई धुणंभांडी, हा धाकटीला शाळेत सोडून येतो", आणि माझ्या नावापुढं "पेपर टाकतो, साडेसहाला सुटतो". प्रॅक्टिस सहाची पावणेसातला का गेली ते त्या दिवशी कळलं, तोवर आम्हाला वाटायचं सरांनाच झोप आवरत नाही.

आणि तो दाखला. शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, सुब्रतो कपला, जन्मतारखेचा पुरावा पाहिजे होता, आणि आपल्या निम्म्या टीमचा वाढदिवस 1 जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख ठोकलेली. मी कागदावर 8 महिन्यांनी मोठा निघालो आणि 14 वर्षांच्या आत बसेना. खरी नोंद आईच्या माहेरी, भुदरगडात, ग्रामपंचायतीत. पप्पा उद्यमनगरात फाउंड्रीत, एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, ते कुठले जातायत. मग तुम्हीच पप्पांची चिठ्ठी घेऊन एम-80 वरनं गेलात, ग्रामसेवक भेटले नाहीत म्हणून दोन दिवसांनी परत गेलात, आणि रात्री आमच्या दारात आलात तेव्हा अंगावरनं पाणी गळतंय, पण दाखला शर्टाच्या आत गोकुळच्या दुधाच्या पिशवीत एकदम कोरडा.

पप्पांनी तेव्हा विचारलं होतं, "खेळून पोट भरतंय व्हय सर?" मला वाटलं आता तुम्ही भाषण देणार. तुम्ही चहा पीत म्हणालात, "नाही भरत. पण दहावीपर्यंत शाळा सोडणार नाही एवढं मी बघतो."

विभागाच्या मॅचला हरलो आपण, समोर गोलकीपर पडलेला असताना मी बॉल पोस्टाबाहेर मारला, त्याबद्दल अजून सॉरी. पण दहावी झालो, आयटीआय झालो, आता शिरोलीला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. सीझनला शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून रेफ्रीला शिकवतो.

त्या दाखल्याबद्दल, पावणेसातच्या प्रॅक्टिसबद्दल, आणि वहीबद्दल मनापासून थँक्यू सर. त्या वेळी अक्कलपण नव्हती आणि लाजपण वाटायची, म्हणून राहून गेलं.

आणि हो, ते गूळ मार्केटवालं पोरगं आठवतंय ना, आपला लेफ्ट बॅक, तो आता तालमीच्या बारक्यांना फुटबॉल शिकवतो. परवा ग्राउंडवर गेलो तर त्याच्या हातातपण वही. म्हटलं मागची पानं दाखव की जरा, तर गड्यानं बगलेतच मारली.

तुमचा,
पेपरवाला