बालेवाडीचे मैदान देण्याआधी क्लबचा जमाखर्च तपासा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : व्यावसायिक फुटबॉल क्लबला मैदान देताना कर्ज आणि खेळाडूंच्या पगाराबाबत घालायच्या अटी

महोदय,

२०१२-१३च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरा आला होता. २०१५मध्ये तो क्लब बंद झाला. त्याच वर्षी भारत एफसी एकच हंगाम खेळून बाहेर पडला. २०१७मध्ये डीएसके शिवाजीयन्स गेला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८मध्ये इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली आणि २०१९मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. चार वर्षांत चार क्लब. चौघेही घरचे सामने बालेवाडीच्या श्री शिव छत्रपती क्रीडासंकुलात खेळत होते आणि ते संकुल राज्य सरकारचे आहे.

प्रत्येकाची बंद पडण्याची कारणे वेगळी होती, ती उकरून काढावीत असे आमचे म्हणणे नाही. पुण्यात पुन्हा मोठा क्लब उभा राहावा असे आम्हाला मनापासून वाटते. पण पाचवा क्लब त्याच पायावर उभा राहिला तर तोही टिकणार नाही. आम्ही क्लबांचे हिशेब, खेळाडूंचे करार आणि नोंदणी ही कामे करणारी माणसे आहोत. क्लब कुठे बुडतो ते मैदानावर दिसायच्या सहा-आठ महिने आधी वहीत दिसते.

सरकारने क्लबला रोख अनुदान द्यावे किंवा कर्ज माफ करावे, ही आमची मागणी नाही. तसे करूही नये, कारण ते पैसे पुढच्या सायनिंगमध्ये, म्हणजे नवे खेळाडू घेण्यात, जातात. क्लब-परवान्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आर्थिक निकष पाहतो, पण ती तपासणी प्रामुख्याने वर्षातून एकदा आणि मागच्या ताळेबंदावर होते. पगार मात्र चालू हंगामात थकतो. त्या वेळी क्लबला रोज लागणारी गोष्ट, म्हणजे मैदान, आपल्या ताब्यात असते. ते देतानाच्या करारात अटी घालता येतात आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आकडे मांडतो. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रमाणे रोजच्या पाहण्यातली आहेत. एका क्लबने अंदाजपत्रकात ८ कोटींची मिळकत दाखवली : प्रायोजक ५ कोटी, लीगकडून १ कोटी, तिकिटे ४० लाख, अकादमीची फी ९० लाख, खेळाडू विकून ७० लाख. खर्च असा : खेळाडू आणि प्रशिक्षक ६.२० कोटी, प्रवास व मुक्काम १.१० कोटी, मैदान आणि सामन्यांचा खर्च ६० लाख, अकादमी ७० लाख, कार्यालय ४० लाख. शिवाय जुने कर्ज ५ कोटी, १२ टक्क्यांनी त्याचे व्याज ६० लाख. एकूण ९.६० कोटी. कागदावर तूट १.६० कोटी आणि 'ती मालक भरतील' अशी तळटीप.

आता एकेक आकडा उलटून पाहा. प्रायोजकाच्या ५ कोटींपैकी सही झालेला करार ३ कोटींचाच आहे, उरलेल्या २ कोटींची 'बोलणी चालू' आहेत. खेळाडू विकून येणारे ७० लाख ही निव्वळ आशा. पक्की मिळकत धरली तर ५.३० कोटी. म्हणजे तूट ४.३० कोटी, कागदावरच्या अडीच पटीहून जास्त. पगाराचे प्रमाण ८ कोटींवर साडेसत्त्याहत्तर टक्के दिसत होते, ते पक्क्या मिळकतीवर ११७ टक्के होते. पगाराचा एक रुपयाही अजून थकलेला नाही, तरी हा क्लब आजच अडचणीत आहे.

लीगकडून येणारे पैसेही लेखी हमी असेल तरच पक्के धरावेत. महासंघ आणि लीगच्या व्यावसायिक भागीदारांमधला २०१०चा १५ वर्षांचा करार संपत आला तेव्हा पुढच्या हंगामाचीच खात्री उरली नाही, हे सर्वांनी पाहिले. ऑगस्ट २०२५मध्ये बेंगळुरू एफसीसारख्या शिस्तीच्या क्लबनेही खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले.

इथे कुणी युरोपचा दाखला देईल. युरोपातल्या फुटबॉलचे नियमन करणाऱ्या यूएफाने संघावरच्या खर्चाला मिळकतीच्या ९० टक्क्यांची मर्यादा २०२३-२४मध्ये घातली, पुढच्या हंगामात ८० आणि २०२५-२६पासून ७० केली. हा आकडा जशाचा तसा उचलू नका, ही आमची कळकळीची विनंती. वरच्या क्लबला ७० टक्के लावले तर संघावर ३.७१ कोटी खर्च करता येतील. त्यात बाकीचा खर्च २.८० कोटी आणि व्याज ६० लाख मिळवले की ७.११ कोटी होतात, मिळकत ५.३० कोटी. नियम पाळूनही क्लब १.८१ कोटींनी खड्ड्यात. युरोपातल्या मोठ्या क्लबला प्रवास, मैदान आणि कार्यालयाचा खर्च मिळकतीच्या मानाने कमी असतो. आपल्याकडे पुण्याहून शिलाँग किंवा कोझिकोडला चाळीस माणसांचा ताफा विमानाने न्यायचा आणि तीन रात्री ठेवायचा, हा खर्च संघ स्वस्त आहे म्हणून कमी होत नाही.

म्हणून आपल्याकडे हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो. पक्क्या मिळकतीतून न टळणारा खर्च आणि व्याज आधी वजा करा. उरले ते संघाचे. इथे उरतात १.९० कोटी. मालकाला याहून मोठा संघ हवा असेल तर त्याने पैसे घालावेत, पण भागभांडवल म्हणून, आणि हंगामाच्या आधी खात्यात जमा करून. त्याने २ कोटी घातले तर संघावर ३.९० कोटी खर्च करता येतील. तेच २ कोटी १२ टक्क्यांचे कर्ज म्हणून दिले तर पुढच्या वर्षीचे व्याज ६० लाखांवरून ८४ लाखांवर जाते आणि मालकाचा विचार बदलला की तो स्वतःच क्लबचा सर्वात मोठा सावकार ठरतो. 'मालकाने पैसे घातले' या एका वाक्यात या दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपतात. मैदानाच्या करारात त्या वेगळ्या लिहून घ्याव्यात. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने दिलेले प्रायोजकत्वही बाजारभावाइतकेच मिळकतीत धरावे.

उद्याची मिळकत आज खाण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. इंग्लंडच्या लीड्स युनायटेडने पुढच्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले. २००४मध्ये तो क्लब खालच्या श्रेणीत गेला आणि २००७मध्ये कर्जबाजारी होऊन प्रशासकाच्या हाती गेला. बार्सिलोनाच्या अध्यक्षांनी ऑगस्ट २०२१मध्ये क्लबवर १.३५ अब्ज युरोंचे कर्ज असल्याचे आणि पगार मिळकतीच्या १०३ टक्के असल्याचे सांगितले. मेस्सीला ठेवता आले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी लीगच्या प्रक्षेपण-हक्कांतल्या आपल्या वाट्याचा चौथा हिस्सा २५ वर्षांसाठी विकला. बार्सिलोनाकडे विकायला निदान काहीतरी होते. पुण्याच्या क्लबकडे तारण ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे पुढची तिकिटे आणि अकादमीची फी. या दोन्हींवर कर्ज काढायला करारातच मनाई हवी.

पगाराचा खरा आकडा करारावर दिसतो त्याहून मोठा असतो. परदेशी खेळाडू बहुधा 'करानंतर हातात इतके' असा सौदा करतो. हातात ६० लाख द्यायचे ठरले तर, कोणता कर लागू होतो त्यानुसार, क्लबला साधारण ७८ ते ८५ लाख मोजावे लागतात. घर, गाडी, कुटुंबाची विमान तिकिटे, विमा आणि एजंटची फी वेगळी. संघ खालच्या श्रेणीत गेला तर पगार ठरावीक टक्क्यांनी आपोआप कमी होईल, हे कलम अनेक करारांत नसतेच. बोनस तर अंदाजपत्रकात जवळपास कुणीच धरत नाही. संघ जिंकू लागला की तोटा वाढतो, ही विचित्र अवस्था त्यातूनच येते.

ट्रान्सफर फीचा, म्हणजे खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला मोजलेल्या किमतीचा, गोंधळ वेगळा. ९० लाखांना तीन वर्षांसाठी घेतलेला खेळाडू पुस्तकात दरवर्षी ३० लाखांचा खर्च दाखवतो, पण रोकड पहिल्याच वर्षी जाते. वर्षभराने तो ५० लाखांना विकला तर बँकेत पैसे येतात आणि पुस्तकात १० लाखांचा तोटा दिसतो, कारण तेव्हा त्याची किंमत ६० लाख उरलेली असते. त्यामुळे नफातोटा पत्रकाबरोबर महिन्यावारी रोकड-पत्रक मागितलेच पाहिजे. ते नसेल तर अर्ज परत पाठवावा.

रोकड अडते तीही ठरावीक जागी. १६ जानेवारी २०२५पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या क्लबला प्रायोजकत्वावरचा १८ टक्के जीएसटी स्वतः आकारून भरावा लागतो. १ कोटीचे बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत १८ लाख भरायचे, प्रायोजकाचे पैसे तीन महिन्यांनी आले तरी. ही तात्पुरती खाच भरायला क्लब बहुधा पगारातून कापलेल्या टीडीएसला, म्हणजे सरकारकडे भरायच्या आयकराला, हात लावतो. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज. आमच्या अनुभवात हे सर्वात खात्रीचे धोक्याचे लक्षण. टीडीएस थांबतो, मग भविष्यनिर्वाह निधी, मग हॉटेलची बिले आणि शेवटी पगार. पगार थकल्याची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा पहिल्या तीन गोष्टी होऊन गेलेल्या असतात.

आणि पगार थकला की घसरण थांबत नाही. जून २०१८पासून फिफाचा नियम असा : दोन महिन्यांचे पगार थकले, खेळाडूने लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट पाहिली, तरी पैसे आले नाहीत, तर तो करार तोडू शकतो. क्लबवर उरलेल्या कराराची भरपाई बसते. ती दिली नाही तर नव्या खेळाडूंची नोंदणी बंद होते. ज्या हैदराबाद एफसीने पुण्याची जागा घेतली, तो २०२१-२२चा विजेता होता. २०२३-२४मध्ये थकबाकीपायी त्याचे खेळाडू निघून गेले आणि नोंदणीबंदी आली. विजेतेपदापासून तिथपर्यंत दोन हंगाम.

परदेशी खेळाडूला फिफाकडे दाद मागायचा दरवाजा आहे. कोल्हापूरहून किंवा खडकीहून आलेल्या, ८ लाख थकलेल्या आपल्या मुलाने काय करायचे? दिवाळखोरी संहितेखाली अर्जासाठी किमान थकबाकी मार्च २०२०पासून १ कोटी आहे. तो एकटा तिथे पोहोचतच नाही. म्हणून आमची मुख्य मागणी पुढची आहे.

मैदानाचा करार करण्याआधी क्लबकडून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम ठेव म्हणून घ्यावी. वरच्या उदाहरणात ३.९० कोटींचा संघ, दहा महिन्यांचे करार, म्हणजे महिना ३९ लाख आणि ठेव १.१७ कोटी. बँक गॅरंटीचा आग्रह धरू नये. बँक त्यावर कमिशन घेते आणि मार्जिन म्हणून क्लबची काही रक्कमही अडकवते. मुदत ठेवीचे व्याज निदान क्लबला मिळते. ही ठेव क्लबच्या साध्या खात्यात मात्र नको, कारण क्लब दिवाळखोरीत गेला तर ती इतर देणेकऱ्यांबरोबर वाटली जाईल. क्लब, बँक आणि संकुल यांच्या त्रिपक्षीय कराराने, खेळाडूंसाठी विश्वस्त म्हणून धरलेल्या खात्यात ती असावी. पगार ३० दिवस थकला की बँकेने थेट खेळाडूच्या खात्यात भरावा आणि क्लबने पुढच्या ३० दिवसांत ठेव पूर्ववत करावी. तोवर सरावाचे मैदान चालू राहावे, पण नवा सामना मिळू नये. सरावच बंद केला तर शिक्षा खेळाडूंनाच होते.

दुसरी अट तिमाही दाखल्याची. १५ जुलै, १५ ऑक्टोबर, १५ जानेवारी आणि १५ एप्रिलला सनदी लेखापालाचा दाखला, सोबत टीडीएस आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने आणि प्रत्येक खेळाडूची 'या तारखेपर्यंत येणे बाकी नाही' अशी सही. सही खेळाडूने संकुलाच्या कार्यालयात येऊन करावी. ड्रेसिंग रूममध्ये व्यवस्थापकासमोर घेतलेल्या सहीला अर्थ नसतो. जानेवारीची तारीख जपावी : हरणारे क्लब त्याच महिन्यात घाबरून दोन-तीन खेळाडू घेतात आणि तोवर राखलेला हिशेब एका आठवड्यात मोडतो. दाखला नाही तर त्या काळातल्या नव्या खेळाडूला बालेवाडीत उतरता येणार नाही, इतके स्पष्ट लिहावे.

या बदल्यात क्लबला द्यायलाही आपल्याकडे बरेच आहे. प्रत्येक सामन्याला आगाऊ भाडे घेण्याऐवजी तिकीटविक्रीतला हिस्सा घ्यावा. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला मान्यताप्राप्त स्पर्धेत जीएसटी लागत नाही, त्यामुळे तो हिशेबही सोपा आहे. मैदानाचा करार एका हंगामाचा न करता पाच वर्षांचा करावा, म्हणजे प्रायोजक लांबचा करार करायला धजेल. बालेवाडीत मैदानाभोवतीच्या धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसतो. एका बाजूला तात्पुरत्या पायऱ्या टाकायला परवानगी द्यावी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये तालमींच्या, म्हणजे तिथल्या पेठांतल्या संघांच्या, सामन्याला मैदानालगत होणारी गर्दी पाहिली की अंतर किती महत्त्वाचे ते कळते.

अकादमीचे खाते वरिष्ठ संघापासून तोडून वेगळ्या विश्वस्त संस्थेत न्यावे. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणासाठी देता येतो, पण जाहिरातीच्या बदल्यातले प्रायोजकत्व त्यात बसत नाही आणि व्यावसायिक खेळाडूंचे पगारही बसत नाहीत. खाती एकत्र असली की हा निधी येत नाही, आणि वरिष्ठ संघ बुडाला की मुलांचा सरावही बुडतो. आशिक कुरुनियन पुणे एफसीच्या अकादमीतून आला आणि देशासाठी खेळला. असा मुलगा विकला जातो तेव्हा त्या रकमेतला हिस्सा अकादमीकडेच राहील, हेही करारात हवे.

क्लब बंद करायचाच असेल तर मालकाने ९० दिवस आधी संकुलाला लेखी कळवावे, खेळाडूंना करारातून मोकळे करावे आणि १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या चालू शैक्षणिक वर्षाची सोय केल्याचा कागद द्यावा. तो मिळेपर्यंत ठेवीचा उरलेला भाग परत करू नये.

पुढच्या हंगामाची खेळाडू-नोंदणी सुरू होण्याआधी हा करारनामा क्रीडा संचालनालयाकडून तयार करून घ्यावा. त्यातल्या हिशेबाच्या जोडपत्रांचे नमुने आम्ही विनामूल्य तयार करून देऊ.

आपले,
पुण्यातील फुटबॉल क्लबांचे हिशेब आणि करार पाहणारे काही जण