काकू, तुमच्या पन्नास पैशांच्या कार्डांसाठी

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

(तीर्थरूप आई-वडिलांना, बाकी मोठ्यांना तीर्थस्वरूप. ही दुरुस्तीही तुमचीच.)

परवा आमच्या विमा शाखेत एका नव्या एजंटनं विचारलं, "दादा, तुम्हाला ओळखीतून एवढी कामं कशी येतात?" तुमचं नाव घ्यायचं सोडून मी नुसता हसलो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज चारचौघांत लिहितोय.

लक्ष्मीनगरच्या तुमच्या घरी मी रडकं तोंड घेऊन आलो होतो, आठवतं? ठरलेली पॉलिसी हातची गेली होती. दुसऱ्या एजंटनं ग्राहकाला पहिल्या हप्त्यातलं आपलं कमिशनच परत देऊ केलं होतं. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार याला बंदी आहे, दंड १० लाखांपर्यंत. पण तक्रार करतो कोण? तुम्ही सगळं ऐकलंत, आतून कोऱ्या पोस्टकार्डांची चळत आणलीत आणि म्हणालात, "गेलं ते गेलं. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणाला ना तू? तिला दोन ओळी लिही. पॉलिसीचा प नको काढू."

मी अतिशहाणा. घरी जाऊन एका बैठकीत चाळीस कार्डं लिहिली, सगळ्यांवर एकच मजकूर: 'आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार.' इतवारीतल्या एका वाड्यात दोघी जावांना ती एकाच दिवशी मिळाली. त्यांनी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. धाकटीचा फोन आला, "भाऊ, छापूनच घ्यायची ना, हात कशाला दुखवला?" तुम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. मग शाळेतला आवाज काढलात, "पोट्ट्या, तू कार्ड नाही लिहून राहिला, पावत्या फाडून राहिला."

तेव्हापासून कुणाच्या घरून निघालो की गाडीला किक मारायच्या आधी वहीत एक ओळ टिपतो. त्या माणसानं विम्याशिवाय काय सांगितलं, तेवढीच. ओळ सुचलीच नाही तर समजतो की आज मीच बडबडलो. मानेवाड्याच्या एका काकांना लिहिलं होतं, 'तुमच्या सावजी मसाल्यात दगडफूल किती पडतं ते विचारायचं राहिलं. लेकीच्या बी.एड.चा निकाल कळवा.' निकाल कळवायला त्यांचा फोन आला, आणि बोलता बोलता त्यांनी साळ्याचा नंबर दिला. कार्ड उघडं असतं, तेव्हा रक्कम आणि पॉलिसी नंबर त्यावर कधीच नाही, हे मात्र मी स्वतःच शिकलो. पावसाळ्यात जेल पेन नको, हेही.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे आहेत. माझा एक ग्राहक अचानक गेला. मी सांत्वनाचं कार्ड लिहायला बसलो, तर तुम्ही पेन काढून घेतलंत. "आपल्याकडं गेल्याचं पत्र वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. त्याच्या बायकोला कार्ड पाठवते? तू स्वतः जा." गेलो. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, वहिनींचं पासबुक आणि ओळखपत्र घेऊन त्यांच्यासोबत ऑफिसात बसलो. एका कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, पुन्हा चकरा. पैसे खात्यात आले त्या दिवशी वहिनी काहीच बोलल्या नाहीत.

वर्ष उलटल्यावर मी त्यांना लिहिलं, त्यांच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाबद्दल. आठवड्याभरात उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर. इतक्या वर्षांत मला आलेलं ते एकमेव. 'झाडाला यंदा लिंबं भरपूर लागली, घेऊन जा.' खाली दोन बायांची नावं, फोन नंबर आणि एक ओळ: 'यांचे नवरे ऐकत नाहीत, तुम्ही समजावून सांगा.'

ते कार्ड तुम्हाला दाखवायला आणतो, लिंबंही आणतो. हे पत्र लांबलं, कार्डावर मावलं नसतं. पण तुमचं कार्ड आज सकाळी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत टाकलंय. बॉलपेननंच लिहिलंय.

तुमचा,
पावत्या फाडणारा पोट्टा