स्वतःची भूमिका करणे म्हणजे टिंगल नव्हे

प्रति,
मा. संपादक यांस,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत मारधाडपटांच्या जुन्या नायकांवर जो लेख आला, त्यात ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम या बेल्जियन नटाने स्वतःचीच भूमिका केलेल्या २००८ सालच्या ‘जेसीव्हीडी’ (त्याच्याच नावाची आद्याक्षरे) या चित्रपटाची बोळवण ‘संपलेल्या नटाने स्वतःची टिंगल करून मिळवलेली सहानुभूती’ अशा एका वाक्यात केली आहे. हा शेरा मला मुळीच मान्य नाही.

व्हॅन डॅम आमच्या भागाला परका नाही. नव्वदच्या दशकात पोळा-गणपतीला वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला जाई आणि हिंदीत डब केलेले त्याचे चित्रपट चौकात रात्रभर चालत. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाय आडवे ताणून जमिनीला टेकवण्याची त्याची करामत गावातली पोरे खळ्यावर करून पाहत. त्याच नायकाला या चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात, एकही कट न घेता चाललेल्या लांबलचक हाणामारीनंतर, धापा टाकत तरुण दिग्दर्शकाला सांगावे लागते की आपण ४७ वर्षांचे आहोत आणि हे सगळे एका दमात करणे आता जड जाते. दिग्दर्शकाला त्याचे काही देणेघेणे नसते. पुढे मुलीच्या ताब्याच्या खटल्यात वकील त्याच्याच हिंसक चित्रपटांचा पुरावा त्याच्याविरुद्ध मांडतो, हातची भूमिका स्टीव्हन सीगल या दुसऱ्या मारधाडपटांच्या नायकाकडे जाते, आणि ब्रुसेल्समधल्या टपाल कार्यालयावर दरोडा पडतो तेव्हा पोलीस दरोडेखोर म्हणून त्यालाच धरून चालतात.

इथपर्यंत हसू येते, हे खरे. परंतु त्यानंतर तो खुर्चीसकट सेटच्या वर, थेट दिव्यांच्या रांगेत उचलला जातो आणि कॅमेऱ्याकडे पाहत काही मिनिटे सलग बोलत राहतो. व्यसन, मोडलेले संसार, लहान वयात पाहिलेले आणि खरे झालेले स्वप्न, आणि त्या स्वप्नाच्या बदल्यात आपण जगाला नेमके काय दिले हा प्रश्न, हे सारे तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलतो. ज्या नटाला आयुष्यभर लाथांसाठीच पैसे मिळाले, त्याने हात-पाय न हलवता केवळ चेहऱ्यावर आणि आवाजावर इतका वेळ पेलून नेणे, याला मी उत्तम अभिनय म्हणतो. आपल्याकडे अनिल कपूर यांनी २०२० मध्ये ‘एके व्हर्सेस एके’ या चित्रपटात स्वतःचीच भूमिका करून असे धाडस दाखवले होते; बाकीचे बहुतेक नायक साठी उलटल्यावरही पंचविशीचेच दाखवले जातात.

हा प्रश्न मला जवळचा वाटतो, कारण आमच्या झाडीपट्टीतही, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या रंगभूमीवरही, तेच चालते. दिवाळीपासून होळीपर्यंत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, आणि तिथे एकेकाळी शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) गर्दी नुसत्या नावावर मंडपात ओढून आणणारा नट वय झाले की एक तर केस रंगवून नायक होतो, नाही तर दोन वाक्यांच्या म्हाताऱ्याच्या भूमिकेत टाकला जातो. त्याच्या दुखणाऱ्या गुडघ्यांवर, उतरलेल्या आवाजावर आणि हातून निसटलेल्या टाळ्यांवर, त्यालाच मध्ये उभे करून, नाटक का लिहिले जाऊ नये?

पुरवणीत त्या चित्रपटावर सविस्तर परीक्षण यावे आणि येत्या हंगामात झाडीपट्टीतील ज्येष्ठ नटांच्या मुलाखती छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर