'पडेल', 'पडणार' आणि 'पडण्याची शक्यता'

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मृग नक्षत्र जवळ आले की वृत्तपत्रांत पावसाच्या बातम्या सुरू होतात, आणि त्यांचे मथळे वाचताना मी दरवर्षी अस्वस्थ होते. लातूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवले. घरी कोरडवाहू शेती असल्यामुळे भविष्याविषयी बोलताना आपण कोणता शब्द वापरतो, याचे मोल मला पुस्तकाबाहेरही कळलेले आहे.

काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका दैनिकाचा मथळा होता : 'मराठवाड्यात चार दिवस मुसळधार बरसणार'. त्याआधी गावात एकच बरी सर झाली होती. त्या मथळ्यावर विसंबून माझ्या थोरल्या दिरांनी सोयाबीन पेरले. पुढे सोळा दिवस पावसाने ओढ दिली, बियाणे जमिनीतच करपले आणि दुबार पेरणीसाठी उसनवारी करावी लागली. किमान 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग सांगत असतो; तेव्हा घाई दिरांचीही झाली, हे मी नाकारत नाही. पण नंतर तीच बातमी मी पुन्हा काढून वाचली, तेव्हा शेवटच्या परिच्छेदात हवामान विभागाचे मूळ वाक्य सापडले : 'तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता'. मथळ्याने त्यातले 'तुरळक ठिकाणी' गाळले होते आणि 'शक्यता'ही गाळली होती.

हे दोन्ही शब्द भारतीय हवामान विभाग सैलपणे वापरत नाही. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे ज्या भागासाठी अंदाज असतो, तेथील फार तर 25 टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर. नुसती 'शक्यता' म्हणजे 25 ते 50 टक्के. त्याच्या वरच्या पायऱ्यांना वेगळे शब्द आहेत. 'जोरदार' म्हणजे चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. इतके मोजूनमापून लिहिलेले वाक्य मथळ्यात येताना 'बरसणार' होते, तेव्हा चारात एक ते दोनात एक अशी असलेली गोष्ट ठरलेली होऊन बसते.

वास्तविक आपल्या भाषेला ही सरमिसळ करण्याचे कारणच नाही. 'पाऊस पडेल' आणि 'पाऊस पडणार' ही दोन्ही भविष्यकाळाची रूपे असली, तरी त्यांचे वजन सारखे नाही. 'तो आता घरी असेल' असे म्हणताना आपण वर्तमानाविषयी बोलत असतो, तरीही 'असेल' वापरतो, कारण त्या रूपात तर्काचा अंश आहे. 'णार'मध्ये मात्र निश्चय किंवा ठरलेपण आहे : गाडी सहाला सुटणार, लग्न वैशाखात होणार. आमच्याकडचा कोणताही जुना शेतकरी आभाळाकडे पाहून 'पडंल असं वाटतंय' असे म्हणतो. 'पडणार' हा शब्द तो सहसा उच्चारत नाही. त्याच्या तोंडी जो विवेक सहज आहे, तो मथळा लिहिणाऱ्याने का सोडावा, हे मला समजत नाही.

नामांचीही तीच गत आहे. 'वेधशाळेचे भाकीत', 'हवामान खात्याची भविष्यवाणी' असे सर्रास छापले जाते. 'करुणा भाकणे', 'भाक देणे' या प्रयोगांत 'भाकणे' म्हणजे मुखाने बोलणे आहे; भाकिताचे बळ सांगणाऱ्याच्या शब्दावर उभे असते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या घटमांडणीनंतर पाऊसपाण्याविषयी जे सांगितले जाते, त्याला भाकीत म्हणणे अगदी योग्य आहे, आणि त्या परंपरेविषयी मला अनादर नाही. हवामान विभाग सांगतो तो अंदाज. (हा शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ फेकणे, नेम धरणे असा आहे, गोलंदाज आणि तिरंदाज ही त्याचीच भावंडे. नेम चुकू शकतो, हे त्या शब्दातच मान्य केलेले आहे.) याहून नेमका शब्द हवा असेल तर 'अनुमान' आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, दाटून आलेल्या मेघांवरून होणाऱ्या वृष्टीचा बोध, हे 'पूर्ववत्' अनुमानाचे उदाहरण म्हणूनच दिले जाते. कारण पाहून कार्याकडे जाणारी ही रीत आहे, आणि वेधशाळेचे काम याहून वेगळे नाही. 2002 साली दीर्घकालीन अंदाज सामान्य पावसाचा होता आणि देशात प्रत्यक्षात सरासरीच्या सुमारे 19 टक्के कमी पाऊस झाला. त्यानंतर अंदाज बांधण्याच्या पद्धतीच बदलण्यात आल्या. अनुमान असे तपासता येते, दुरुस्त करता येते; भविष्यवाणी केवळ खरी किंवा खोटी ठरते, आणि ती खोटी ठरली की लोक वेधशाळेची टिंगल करतात. ज्या संस्थेने 'शक्यता' म्हटले होते, तिला न केलेल्या विधानाबद्दल बोल लागतो.

निवडणुकांतही 'मतदानोत्तर चाचण्यांचा कौल' असे लिहिले जाते. कौल मतदार देतात किंवा देवळात देव देतो. चाचणी घेणाऱ्याकडे असतो तो अंदाजच. 2024 च्या लोकसभा निकालाआधी बहुतेक चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दाखवल्या होत्या आणि प्रत्यक्षात 293 मिळाल्या. मात्र चाचणी फसल्याने कोणाची पेरणी वाया जात नाही, म्हणून मी त्यावर अधिक लिहीत नाही.

माझी विनंती पावसाच्या बातम्यांपुरती आहे. येत्या जूनपासून आपल्या दैनिकात मथळ्यात 'णार' वापरू नये, हवामान विभागाचे मूळ वाक्य बातमीच्या पहिल्या परिच्छेदात जसेच्या तसे द्यावे, आणि 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'शक्यता', 'दाट शक्यता' यांचे टक्केवारीतले अर्थ सांगणारी छोटी चौकट पेरणी आटोपेपर्यंत रोज छापावी. चार ओळींची जागा पुरेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. लातूर